शिकलेल्यांचा देव

माणूस शिकला की देव सोडतो, असं आमच्या लहानपणी दोन प्रकारची माणसं म्हणायची. एक ती, ज्यांना त्याची भीती वाटायची. आणि दुसरी ती, ज्यांना त्याची घाई झालेली असायची. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात दोन्ही होती. माडीवरचे आजोबा नातवंडांना इंग्रजी शाळेत घालण्याआधी रामरक्षा पाठ करून घेत, देवीची लस टोचून घ्यावी तशी. आणि तळमजल्यावरचे मास्तर, आणखी एक पिढी शिकली की देवळांची वाचनालयं होतील, याची वाट पाहत होते. दोघेही गेले. आम्ही वाडा सोडून कारेलीबागेतल्या सोसायटीत राहायला आलो, त्यालाही पन्नासहून अधिक वर्षं झाली. आता आमच्या सोसायटीत पदवी नाही असं घर शोधावं लागेल, आणि देवघर नाही असंही घर शोधावंच लागेल.

खरं तर हा प्रश्न ताडून पाहायला बडोद्याइतकं चांगलं गाव सापडायचं नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सगळ्या राज्याला लागू केला. मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापांना दंड. सगळ्या हिंदुस्थानात असं तेव्हा कुठे नव्हतं. पण याच महाराजांनी १९१५ साली हिंदू पुरोहितांसाठीही कायदा केला. भटजींनी परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, आणि आपण म्हणतो त्या मंत्रांचा अर्थ त्यांना ठाऊक असला पाहिजे. बडोदा कॉलेजात त्यांनी निरनिराळ्या धर्मांच्या तुलनात्मक अभ्यासाची सोय केली. महाराजांना देव घालवायचा नव्हता, तो समजून-उमजून मानला जावा असं वाटत होतं. वाड्यातल्या आजोबांना आणि मास्तरांना, दोघांनाही हे कधी उमगलं नाही.

तिकडे परदेशात यावर मोजमापंही झाली आहेत. ल्युबा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९१४ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना विचारलं, प्रार्थना ऐकणारा देव तुम्ही मानता का? शंभरातले सुमारे चाळीस हो म्हणाले. १९९६ साली हाच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हाही सुमारे चाळीसच! मधल्या ब्याऐंशी वर्षांत माणूस चंद्रावर जाऊन आला होता. मात्र तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सभासदांत, म्हणजे अगदी वरच्या पायरीवर, हा आकडा सातच्या आसपास निघाला. आपल्याकडे प्यू या संस्थेने २०१९-२० मध्ये तीस हजार लोकांना विचारलं, तर शंभरात सत्त्याण्णव जण देव मानणारे. सत्त्याण्णव म्हटल्यावर पदवीधर आणि निरक्षर यांच्यात फरकाला जागा ती कितीशी उरणार?

आकडे सोडून माणसांकडे पाहिलं, तर बडोद्यानेच दोन माणसं दाखवली आहेत. अरविंद घोष वयाच्या सातव्या वर्षापासून विलायतेत वाढलेले, केंब्रिजला शिकलेले. १८९३ साली इथे नोकरीला आले आणि बडोदा कॉलेजात शिकवू लागले. मुलांना देशी वाराही लागू नये अशी वडिलांची इच्छा होती. तेच अरविंदबाबू सुरतेची काँग्रेस उधळल्यावर, १९०८ सालच्या जानेवारीत, इथल्या एका घरात विष्णु भास्कर लेले या मराठी योग्यापुढे तीन दिवस बसले, आणि मन निःशब्द होण्याचा अनुभव आपल्याला तिथे आला असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. लेले विद्येने त्यांच्या पासंगालाही पुरणारे नव्हते, आणि अरविंदबाबूंनाही ते ठाऊक होतं. दुसरे डॉ. आंबेडकर. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७ साली नोकरीला बडोद्यात आले. कचेरीतले शिपाई त्यांच्या अंगावर दुरून फायली टाकत, आणि या शिकलेल्या शहरात त्यांना डोकं टेकायला जागा मिळाली नाही. कमाटीबागेत झाडाखाली ते बसले होते, ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखतात. आमच्या कारेलीबागेतून रिक्षाने फार लांब नाही. त्या काळात इतकं शिकलेला दुसरा मराठी माणूस दाखवणं कठीण. तरी १९३५ साली येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही असं सांगितल्यावर ते धर्माविना राहिले नाहीत. एकवीस वर्षं शोधलं, पारखलं आणि १९५६ साली बुद्धाचा धम्म घेतला. दोघांच्या वाटा अगदी उलट. पण विद्येने दोघांचाही धर्माशी असलेला संबंध संपवला नाही. आधी होता तसा मात्र राहू दिला नाही.

आता आमच्या घरातलं सांगतो. माझी काकू महाराजांच्या सक्तीच्या शाळेतली, मराठी चौथी पास. पुढे शिकायची तिची फार इच्छा होती, पण लग्न झालं. १९६८ साली काका गेले. तेराव्या दिवसानंतर काकूने नेहमीसारखं कुंकू लावलं. नात्यातल्या एका वकिलीणबाईंनी हटकलं, तेव्हा ती म्हणाली, "हे मला माझ्या आईने लावलंय, यांच्या आधी." त्या वर्षी गौरीही तिनेच बसवल्या. निम्मे नातेवाईक आले नाहीत. न आलेल्यांत पदवीधर जास्त होते हे मी तेव्हाच मोजलं होतं, कारण उरलेल्या पुरणपोळ्या आम्हा मुलांच्या वाट्याला आल्या. काकूचा देव रोज पहाटे पाचला उठायचा, आंघोळ करायचा, तिच्याशी तक्रारी बोलायचा. तिने त्याच्याकडे काही मागितलेलं मी ऐकलं नाही.

२१ सप्टेंबर १९९५ चा दिवस अनेकांना आठवत असेल. गणपती दूध पितो म्हणून दिल्लीपासून फोन सुरू झाले आणि दुपारपर्यंत कारेलीबागेतल्या देवळांपुढे रांगा लागल्या. रिफायनरीतले, आयपीसीएलमधले इंजिनियर हातात पेला-चमचा घेऊन उभे. आमचे एक शेजारी रसायनशास्त्राचे डॉक्टर, पृष्ठताण म्हणजे काय ते त्यांनी आयुष्यभर पोरांना शिकवलं. ते रांगेतून मला म्हणाले, "अरे भाई, मला सगळं ठाऊक आहे. पण समजा खरं असलं, आणि आपणच नाही गेलो, तर?" दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी पुढे दुधात रंग मिसळून दाखवलं, की ते सोंडेवरून ओघळून खाली जातं. डॉक्टरसाहेबांना ते आधीच माहीत होतं. काकूला पृष्ठताण माहीत नव्हता. ती हिंचक्यावर बसून म्हणाली, "पितृपक्ष चालू आहे, त्यात हा गणपती दुधावर कुठून आला? दूध झाकून ठेवा, संध्याकाळी चहाला लागेल."

डॉक्टरसाहेबांचं ते "तर?" मला अजून ऐकू येतं. काकूपाशी गमावण्यासारखं जे होतं ते १९६८ सालीच गेलं होतं. शिकलेल्या माणसाकडे नोकरी असते, फ्लॅट असतो, मुलाचा व्हिसा असतो. हैदराबादजवळच्या चिलकूरच्या बालाजीला लोक व्हिसाचा बालाजी म्हणतात; तिथे प्रदक्षिणा घालणारा अडाणी नसतो, अडाण्याला व्हिसा कशाला लागतो? मला वाटतं, शिक्षणाने श्रद्धा घटत नाही की वाढत नाही, पण जपण्यासारख्या गोष्टी वाढतात, आणि त्यांच्या पाठोपाठ धास्ती घरात येते. नास्तिक होण्याइतकं शिकायला बहुतेकांना सवड नसते, धास्तावण्याइतकं सगळेच शिकतात.

याची झळ आमच्या घराला लागली ती १९९७ साली. माझ्या पुतणीचं लग्न ठरत आलं होतं. ती संख्याशास्त्राची एम.एस्सी., मुलगा इंजिनियर, अमेरिकेत. त्याचे आईवडील दोघेही डॉक्टर. पत्रिका कॉम्प्युटरवर काढलेली, त्यामुळे तिचा रुबाब काही और. मुलीला सातव्या घरात मंगळ निघाला. त्यांनी मोडलं नाही, उपाय सुचवला: आधी कुंभविवाह करा, म्हणजे मडक्याशी लग्न लावा, दोष मडक्याला जाईल. पुतणीने कागद घेतला. "पत्रिकेत घरं बारा," ती म्हणाली. "पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं, या पाच घरांत मंगळ चालत नाही. म्हणजे शंभरातली बेचाळीस माणसं मंगळाची. तुम्ही चंद्रावरून आणि शुक्रावरूनही पाहता, मग हिशेब ऐंशीच्या घरात जातो. एवढ्या माणसांचे जोडीदार मरत असते, तर तुम्हाला दवाखान्यात कळलं नसतं का?" डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी आकडे पाहिले, मान हलवली. "बेटा, तुझं गणित बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण आमचा एकुलता एक आहे."

काकू आतून म्हणाली, "मडक्याची पत्रिका पाहिलीत का? त्यालाही मंगळ असायचा."

कोणी हसलं नाही. पुतणी मडक्याशी लग्नाला तयार झाली नाही, आणि लग्न मोडलं. तो मुलगा तिला आवडला होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वर्षं ती कुठे गेली नाही, नवरात्रात गरब्यालासुद्धा नाही. माझा भाऊ, बँकेतला अधिकारी, एकदा मला म्हणाला, की अर्ध्या तासाचा विधी होता, करून टाकला असता तर काय बिघडलं असतं? त्याच्या जागी मी असतो तर मलाही असंच वाटलं असतं, पण पोरीचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. जादूटोण्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली कायदा झाला, गुजरातेत २०२४ साली. अघोरी प्रकारांना त्याने आळा बसेल; "एकुलता एक आहे" याला कुठलं कलम लावणार?

गंमत म्हणजे या सगळ्या काळात पुतणीने सोमवारचा उपास एकदाही सोडला नाही. मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "काका, महादेवाने मला पत्रिका कुठे मागितली होती?"

१९९९ साली तिचं लग्न झालं. मुलगा इथलाच, वाडीतला. त्याच्या घरी पत्रिका कोणी विचारली नाही, कारण त्याची स्वतःचीच हरवली होती. काकूने त्या लग्नात विहीणबाईंना स्वतःच्या हाताने कुंकू लावलं. जावई अजून ठणठणीत आहे. हे मी मोठ्या उत्साहाने एकदा जेवताना बोललो, तेव्हा पुतणीने ताटावरून वर पाहिलं आणि म्हणाली, "एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही, काका. भाकरी घ्या."