त्याच औषधाची वेगळी ताकद

३ जुलै, वसई
रात्रभर पाऊस. दुकान उघडलं तर पाचूबंदरच्या मावशी आधीच पायरीवर. "भाऊ, शेजारणीनं लावली ती खाजेची ट्यूब दे." कमरेला लुगड्याच्या काचाखाली नायट्याचं कडं. त्या ट्यूबमध्ये क्लोबेटासॉल हे स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. दिली नाही, त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. स्टेरॉइडनं खाज थांबते, लाली उतरते. नायट्याची बुरशी मात्र पसरत राहते. त्यात ओल्या, घट्ट कपड्याखालची कातडी औषध जास्तच ओढून घेते. २०१८ साली सरकारनं अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी मागणी थांबत नाही.

५ जुलै
नालासोपाऱ्याच्या एका शिक्षकांचा प्रश्न : "ऑइंटमेंट लिहिलंय, ते चिकट होतं. क्रीम द्या ना, औषध तेच आहे." प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर सांगितलं. कातडीचा सर्वांत वरचा मृत थर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा, पण औषधाला खरी अडवणूक त्याचीच. ऑइंटमेंटमधली पेट्रोलियम जेली कातडीतलं पाणी उडू देत नाही. थर भिजून फुगतो आणि औषध आत शिरतं. सॅलिसिलिक ॲसिड तोच थर सैल करतं. बीटामेथासोन डायप्रोपियोनेट या स्टेरॉइडचं उदाहरण तर बघण्यासारखं आहे : प्रमाण ०.०५ टक्केच, पण प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या खास बेसमधलं ऑइंटमेंट सर्वांत तीव्र गटात बसतं, साधं क्रीम खालच्या गटात. नुसती टक्केवारी वाचून ताकद कळत नाही. सर डॉक्टरांना फोन करायला तयार झाले.

६ जुलै
दिवसभर वीज नाही.

९ जुलै
विरारची एक तरुण आई. बाळाच्या जांघेतल्या लालीला आजीची एक्झिमाची स्टेरॉइडची ट्यूब लावू का, म्हणाली. ठाम नकार दिला. फेल्डमन आणि मायबाख यांनी १९६७ साली हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचं कातडीतून होणारं शोषण मोजलं : हाताच्या आतल्या बाजूला १ धरलं, तर कपाळावर ६, वृषणाच्या कातडीवर ४२. ती मोजणी मोठ्या माणसांवरची. बाळाचं वजन कमी, त्या मानानं कातडी जास्त, वर डायपरचं प्लास्टिक. औषध रक्तात उतरायला आणखी काय हवं?

पावसाळाभर हेच सांगणार आहे : दुसऱ्याची ट्यूब लावू नका, आणि चिठ्ठीवर ऑइंटमेंट असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रीम घेऊ नका.