राईच्या पायाखालचे पाणी

केरीहून चोर्ला घाट चढून बेळगावला जाताना कणकुंबी लागते. मलप्रभेचा उगम इथला आणि गोव्याकडे उतरणारा कळसा नालाही इथलाच. 2006 साली कळसा कालव्याची पायाभरणी झाली, तेव्हापासून खानापूर तालुक्यातल्या ह्या गावाचे नाव आम्हा गोमंतकीयांच्या तोंडी आहे. 2018 च्या ऑगस्टमध्ये म्हादई लवादाने निवाडा दिला: कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एवढ्या मोठ्या मापात नदी मावते, पण जमिनीखाली वीतभर अंतरावर साचून राहिलेले पाणी त्यात कुठे दिसणार?

मला हे सुचते ते सत्तरीतल्या बांबरच्या निरंकाराच्या राईमुळे. रानजायफळाच्या कुळातली झाडे तिथे चिखलात उभी आहेत. चिखलात हवा नाही, म्हणून त्यांची मुळे जमिनीबाहेर येऊन गुडघ्यासारखी वाकतात आणि पुन्हा आत शिरतात. दोडामार्गातल्या हेवाळे-बांबर्डे येथेही अशीच राई आहे. ती उणीपुरी 2.59 हेक्टरांची असून महाराष्ट्र सरकारने तिला जैवविविधता वारसास्थळ ठरवले आहे.

पावसाळ्यात सड्यावर मुरलेले पाणी डोंगराच्या पायथ्याशी उन्हाळाभर झिरपत राहते, त्यावर ही राई जगते. वरच्या अंगाला एखादी कूपनलिका पडली, कुळागरासाठी चर खणला, की पातळी उतरते. गंमत अशी की जुनी झाडे तरीही वर्षानुवर्षे हिरवीच दिसतात. फक्त खाली पडलेले बी वाळते, आणि वाळलेले बी रुजत नाही. नुसत्या डोळ्यांना हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून मोजायला हवे.

केंद्रीय भूजल मंडळ ठरावीक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. जिल्ह्याचा अंदाज घ्यायला ते ठीक, पण राईचा जीव टांगणीला लागतो तो शिगम्यापासून मिरगापर्यंत. तिथे पंधरवड्याला एक नोंद हवी. भोके पाडलेली प्लास्टिकची नळी दोन-तीन मीटर खाली उतरवायची, वरून फीत सोडायची आणि आकडा वहीत लिहायचा, एवढेच काम. गावातल्या जाणत्यांना शिगम्याला बांयीची कितवी पायरी उघडी पडते हे तोंडपाठ असते, पण ते कुणी लिहून ठेवत नाही. उद्या पाणी खरोखरच आटले आणि प्रकरण न्यायालयात गेले, तर आधी पाणी किती होते ह्याचा पुरावा कुठून आणायचा?

अडचण आहे ती वेगळीच. देवाच्या राईत पहार घालायची तर गावकरांनी गाऱ्हाणे घालून कौल घ्यायला हवा. कौल लागला नाही तर नळी राईच्या कडेला, बाहेरच्या अंगाला घालावी. पाणी तिथेही तेच लागेल.