बालकाचे माप

विषविज्ञान हा ज्याचा व्यवसाय आणि ख्रिस्ती उपासना हा ज्याचा घरचा संस्कार, त्याला जड धातूंविषयी लिहिताना प्रयोगशाळा आणि प्रार्थनामंदिर यांची फारकत करता येत नाही. पारा, आर्सेनिक, कॅडमियम हे सारेच घातक. परंतु घरादाराशी ज्याचा निकटचा संबंध, त्या शिशापुरताच विचार येथे करतो.

कॅल्शियमसाठी राखलेल्या वाटांनीच शिसे आतड्यातून रक्तात आणि रक्तातून हाडांत जाते, तेथे वर्षानुवर्षे ठाण मांडते, आणि गर्भारपणी आईच्या हाडांतून सुटून नाळेवाटे गर्भापर्यंतही पोहोचते. प्रौढ मनुष्य गिळलेल्या शिशाचा सुमारे दहावा हिस्सा शोषून घेतो, तर लहान मूल जवळजवळ निम्मा. आणि ज्याच्या आहारात लोह व कॅल्शियम अपुरे, त्या मुलाच्या अंगी ते अधिकच भिनते.

असे असूनही अपायाची मर्यादा दीर्घकाळ प्रौढाकडे पाहूनच ठरली. अमेरिकेत रॉबर्ट किहो यांनी सांगितलेली, दर डेसिलिटर रक्तात ८० मायक्रोग्रॅमची मर्यादा कित्येक दशके प्रमाण मानली गेली. पुढे हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतील शिसे मोजले, आणि ज्यांच्या दातांत ते अधिक होते ती मुले, वरकरणी निरोगी असूनही, बुद्धीच्या व अवधानाच्या कसोट्यांत मागे पडतात, असे १९७९ साली दाखवून दिले. मुलांच्या रक्तासाठी तेथे ठरविलेला इशाऱ्याचा आकडा १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५ मायक्रोग्रॅमवर आला. निर्धोक म्हणावे असे प्रमाणच ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

स्वर्गाच्या राज्यात मोठा कोण, असे शिष्यांनी विचारले तेव्हा प्रभू येशूने एका बालकाला बोलावून त्यांच्या मध्ये उभे केले, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. उपदेशात या प्रसंगातून नम्रतेचा बोध घेतला जातो, तो यथार्थच आहे. परंतु कोणतीही मर्यादा ठरविताना सर्वांत दुर्बल जीव मध्यभागी असावा, ही आज्ञाही मला त्यात दिसते, आणि सृष्टीचा कारभारी म्हणून नेमलेल्या मनुष्याच्या जबाबदारीची सुरुवात मी तेथूनच धरतो.

आपल्या देशात २००० साली पेट्रोलमधील शिसे बंद झाले, आणि २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांत दहा लक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घातली. तरी जुन्या दारा-खिडक्यांवरचे थर अद्याप कायम आहेत. दिवाळी वा नाताळच्या रंगकामात ते कोरडेच खरवडले, तर धूळ चौकटीवर बसते, तेथून रांगत्या मुलाच्या तळहाताला लागते आणि तळहातावरून तोंडात जाते. सबब रंग ओला करूनच काढावा, मुलांना तेथून दूर ठेवावे, आणि फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. आमच्या मंडळ्यांनी तर आपल्या जुन्या शाळांच्या व वसतिगृहांच्या खिडक्यांचा रंग प्रथम तपासून घ्यावा, आणि मंदिराच्या सुशोभनापूर्वी दानाचा पैसा या कामी लावावा.