स्कोअर काय?

गंमत बघा. इंग्लंडमध्ये १९६०च्या दशकापासून शनिवारी दुपारी २.४५ ते ५.१५ टीव्हीवर लाइव्ह फुटबॉल दाखवत नाहीत. लोकांनी मैदानात जावं म्हणून! मग घरी बसलेले ‘सॉकर सॅटरडे’ लावतात. त्यात दिसतात मॅच बघणारी माणसं. ती ओरडली, की समजायचं गोल झाला.

आम्ही मात्र विष्णुपुरीत, गोदावरीच्या धरणाजवळ, त्याच वेळच्या मॅचेस रात्री थेट बघायचो. मी आणि बाबा.

पुण्यात आलो आणि बाबांचं ऑपरेशन ठरलं. आई फोनवर म्हणायची, ‘सगळं ठीक आहे रे.’ मी तिच्या आवाजावरून स्कोअर ओळखत बसायचो. तिसऱ्या दिवशी राहवेना. रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून सकाळी नांदेड गाठलं.

बाबांनी डोळे उघडले. ‘काल कोण जिंकलं रे?’

मी मॅच बघितलीच नव्हती.