उधारीच्या वहीतले पार्ले

पार्ले 1950 साली बृहन्मुंबईत सामील झाले, तरी त्याचे गावपण त्यानंतरही बरीच वर्षे शाबूत होते. आणि त्या गावाचा खरा कारभार, महापालिकेच्या कचेरीला पत्ताही न लागू देता, पूर्वेला हनुमान रस्त्याच्या आसपास विखुरलेल्या आठ-दहा दुकानांतून चाले. कोणाकडे जावई आला आहे, कोणाला बढती मिळाली, कोणाची नोकरी सुटली, याची पहिली वर्दी पोहोचे ती आमच्या कोपऱ्यावरच्या कच्छी शेठना, आणि तीही केवळ सामानाच्या यादीवरून. यादीत एकाएकी वेलदोडे आणि बेदाणे शिरले की त्या घरी मंगलकार्य ठरले असे खुशाल समजावे. साजूक तुपाच्या जागी डालडा आला आणि पुढल्या महिन्यात त्याचेही वजन निम्म्यावर उतरले, की समजायचे ते शेठ समजत, आणि एवढी इत्थंभूत खबर बाळगूनही तिचा एक शब्द गल्ल्यापलीकडे जाऊ देत नसत. कीर्द-खतावणी इतकी चोख आणि तोंड इतके बंद, असा कारकून पेशव्यांच्या दफ्तरातही विरळाच असेल.

एका वर्षी वडिलांच्या कारखान्याला टाळे लागले आणि आमची बाकी तुंबत गेली. आई यादी लिहून झाल्यावर साखरेची ओळ खोडी आणि मगच मला धाडी. शेठ चष्मा कपाळावर सारून ती खोडलेली ओळ वाचत, छताला टांगलेल्या रिळाचा दोरा ओढून साखरेचा पुडाही बाकीच्या पुड्यांबरोबर बांधत, आणि लाल पुठ्ठ्याच्या वहीत रकमेची नोंद करताना एवढेच म्हणत, ‘भाऊसाहेबांना सांग, सवडीनं.’ याचा अर्थ ते साधुपुरुष होते असा मुळीच नव्हे. त्यांच्या तागडीच्या पासंगाविषयी आजीला अखेरपर्यंत संशय होता, आणि तेलाच्या भांड्याचा धडा करताना ती त्यांच्या हातावरची नजर ढळू देत नसे.

1 एप्रिल 1957 रोजी नवे पैसे आले आणि या हिशेबी साम्राज्यात मोठी धांदल उडाली. आणा झाला सव्वासहा पैशांचा. पण पाव पैसा अस्तित्वातच नसल्यामुळे कोष्टकाप्रमाणे एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा आणि तीन आण्यांना एकोणीस पैसे असा दर ठरला. तीन आण्यांचे चणे एकदम न मागता तीन खेपांत मागितले तर एक पैसा वाचतो, हा शोध आमच्या आळीतील पोरांनी आठवड्याच्या आत लावला, आणि शेठनी आमच्या तिसऱ्या खेपेला, ‘बेटा, एकदमच ने, पैसा मी सोडला,’ असे म्हणून तो तत्काळ निकालात काढला. पुढे षट्कोनी लोखंडी वजने आली, तरी आजी अडीचशे ग्रॅमला पावशेरच म्हणत राहिली. आणि बिस्किटांचे म्हणाल, तर गावातल्याच कारखान्याचा खरपूस दरवळ वाऱ्याबरोबर घरोघरी फुकट येत असल्यामुळे पुडे विकत घेण्याची निकड आमच्या वडीलधाऱ्यांना क्वचितच भासे.

शेठच्या दुकानाच्या जागी आता उंच इमारत आहे. तळमजल्यावर दागिन्यांची पेढी आहे, आणि तिथे कोणी यादी घेऊन जात नाही. पिठाची गिरणी मात्र अद्याप तग धरून आहे. तिथला मामला पहिल्यापासूनच निराळा होता: उधारी नाही आणि मुर्वत तर त्याहून नाही. रांगेतला डबा कोणाचा, हे त्याच्या पोच्यांवरून ओळखायचे. ‘ज्वारीवर आमचे गहू टाकू नका’ हा आईचा निरोप मी पोहोचवीत असे, आणि पापण्यांपर्यंत पांढरे झालेले गिरणीवाले काका, पट्ट्याच्या फटफटाटात तो ऐकलाच नाही असे दाखवून, इमानाने पाळीत. दगडाला टाकी लावली की पहिल्या दळणात कच येते. म्हणून त्या दिवशी एखादे भोळे गिऱ्हाईक आधी गाठण्याची त्यांची खटपट चाले, आणि आळीतल्या बायका, टाकीची टकटक दोन गल्ल्यांपलीकडून ओळखून, आपल्या घरी पीठ अजून आठवडाभर पुरेल असे त्यांना अत्यंत गोड शब्दांत कळवीत.