अर्धा कप चहा

गांधीबागेतल्या आमच्या दुकानात बाबांसाठी चहा येतो तो अर्धा कप. चहावाल्याकडे नवा पोरगा लागला की दोन दिवस गोंधळतो, मग शिकतो. काकांचा कप पूर्ण भरायचा नाही. भरला तर उरलेला चहा बशीत, हिशेबाच्या वहीवर आणि बाबांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर!

मी मिहानमधल्या एका आयटी कंपनीत काम करते. पाच दिवस एसी, लॅपटॉप आणि कॉफी मशीन. शनिवारी मात्र अग्रसेन चौकात मेट्रोतून उतरायचं आणि हातगाड्या, हमाल, कपड्याच्या गाठी चुकवत दुकान गाठायचं. आजोबा मागावर बसायचे, बाबांनी होलसेल साड्यांचं दुकान टाकलं आणि मी कोडिंग करते. तीन पिढ्या, तिन्ही हातावर चालणाऱ्या!

बाबांचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा ते पन्नाशीत होते. आधी सही बिघडली. बँकेतून चेक परत यायला लागले. मग कात्री सरळ चालेना. लग्नाच्या पंगतीत ते वरण घेणं टाळायला लागले. एकदा एक गिऱ्हाईक दुसऱ्याच्या कानात म्हणालं, "काकांनी सकाळीच लावली वाटते." मी ऐकलं. बाबांनीही ऐकलं. ज्या माणसानं आयुष्यात बिअरचा घोट घेतला नाही, त्याच्याबद्दल हे! गंमत बघा, या आजारात अनेकांची थरथर दारूच्या एखाद्या पेगनं उलट थोडा वेळ कमी होते. (उपाय म्हणून प्लीज करू नका. उतरली की थरथर परत येते, कधी जास्त जोरानं.)

आम्हाला वाटलं पार्किन्सन्स. न्यूरोलॉजिस्टनं कागद-पेन पुढे केलं आणि बाबांना जिलबीसारखी गोल गोल रेघ काढायला सांगितली. रेघ कसली, करवतीचे दातच! पार्किन्सन्समध्ये हात बहुधा स्वस्थ असताना हलतो. बाबांचा हात मांडीवर शांत असायचा आणि कप उचलला की नाचायचा. नाव निघालं 'एसेन्शियल ट्रेमर'. इथं एसेन्शियल म्हणजे 'आवश्यक' नाही हं! डॉक्टरांच्या भाषेत त्याचा अर्थ, ज्याचं नेमकं कारण सापडत नाही ते. बऱ्याच घरांत हा पिढ्यान्‌पिढ्या चालतो. तेव्हा आई हळूच म्हणाली, "मामंजींचाही हात हलत होता शेवटी शेवटी."

औषधं झाली. प्रोप्रॅनोलॉल देता येईना, कारण बाबांना लहानपणापासून दमा. प्रिमिडोननं ते दुकानात बसल्या बसल्या पेंगायला लागले. पुढचा पर्याय, मेंदूत तार घालून छातीत बॅटरी बसवायची. ग्रेनोबलच्या बेनाबिद यांनी 1987 मध्ये सुरू केलेली ही पद्धत आज जगभर वापरतात. पण बाबांनी हात जोडले. "डोक्याला भोक? नाही बाप्पा!"

आणि मग डॉक्टर म्हणाले, भोक न पाडता करायचं असेल तर फोकस्ड अल्ट्रासाउंड आहे.

अल्ट्रासाउंड म्हणजे पोटाची सोनोग्राफी, एवढंच मला माहीत. इथे डोक्यावर हेल्मेटसारखं यंत्र बसवतात. त्यातून हजाराहून जास्त ध्वनिलहरी एकाच बिंदूवर सोडतात. बाबांना मी गांधीबागेच्या भाषेत समजावलं. कपड्याची मोठी गाठ एका हमालानं उचलत नाही, पण दहा जणांनी एकदम हात लावला की उठते ना? तसंच. एकेक लहर कवटीतून, मेंदूतून जाते आणि वाटेत काही बिघडवत नाही. सगळ्या जिथं भेटतात तिथंच उष्णता तयार होते, साधारण 55 ते 60 अंश. तेवढ्या जागेतल्या, काही मिलिमीटरच्या, पेशी मरतात.

पेशी मरतात! हे वाक्य आमच्या घरात आठवडाभर घुमत होतं.

पण नेमकं मरतं काय? हात कधी, किती हलवायचा याचा ताळमेळ लहान मेंदू ठेवतो. त्याचा निरोप मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसमधून पुढे हालचालीच्या भागाकडे जातो. या आजारात त्या वाटेवर एक ठेका धरला जातो, सेकंदाला चार ते बारा वेळा, आणि हात त्यावर नाचतो. थॅलॅमसमधलं ते जंक्शन बंद केलं की ठेका पुढे पोचत नाही. म्हणजे मूळ आजार बरा होत नाही, त्याची वाट तुटते. शेजारीच संवेदनेचे आणि हातापायांच्या ताकदीचे तंतू असतात. म्हणून सगळा खेळ मिलिमीटरचा.

मी रात्र रात्र वाचत बसले. व्हर्जिनिया विद्यापीठाचे जेफ्री एलायस आणि सहकाऱ्यांनी 76 पेशंट घेतले होते. 56 जणांना खरे उपचार, 20 जणांना नुसतं यंत्रात झोपवलं. तीन महिन्यांनी खऱ्या उपचारवाल्यांची हाताची थरथर सरासरी 47 टक्के कमी, खोट्यावाल्यांची जवळपास होती तशीच. हा अभ्यास 2016 मध्ये छापून आला आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएनं एका बाजूसाठी परवानगी दिली. दुसऱ्या बाजूची, नंतर वेगळ्यानं करायची, परवानगी 2022 च्या शेवटी आली. हे झालं चांगलं. वर्षभरानंतरही 14 टक्के लोकांना मुंग्या किंवा बधिरपणा आणि 9 टक्क्यांना चालताना त्रास होता, हेही तिथंच लिहिलंय. काहींची थरथर पुढे थोडी परत येते. आणि तार काढता येते, जळलेला बिंदू परत आणता येत नाही.

मी बाबांना सगळं वाचून दाखवलं. ते ऐकून म्हणाले, "धंद्यात गॅरंटी कोण देऊन राहिलं? माल पाहून घ्यायचा."

आधी कवटीचा सीटी स्कॅन. काहींच्या कवटीच्या हाडाची ठेवण अशी असते की लहरी नीट आत जात नाहीत. बाबा पास झाले. मग मागच्या वर्षी दक्षिणेतल्या एका हॉस्पिटलमध्ये डोक्याचा गुळगुळीत गोटा झाला, चौकट घट्ट बसली, टाळूभोवती थंड पाणी फिरायला लागलं आणि बाबा एमआरआयच्या बोगद्यात गेले. पूर्ण जागे! एमआरआयवर आतलं तापमान दिसत राहतं. आधी थोडीच उष्णता द्यायची, बाहेर काढून जिलबी काढायला लावायची, बोलायला लावायचं. थरथर तात्पुरती थांबली आणि दुसरं काही बिघडलं नाही, म्हणजे जागा बरोबर. मगच पूर्ण उष्णता. काही तास हे चाललं. बाबांना मधे गरगरलं, डोकं तापल्यासारखं वाटलं. शेवटची जिलबी त्यांनी मला दाखवली. गोल होती. मी बाहेर जाऊन रडले.

पहिले काही दिवस तोल जरा जायचा. जळलेल्या जागेभोवती सूज येते, ती हळूहळू उतरते. बोटांच्या टोकांना अजून थोड्या मुंग्या आहेत. डावा हात तसाच थरथरतो, कारण डाव्या थॅलॅमसवर उपचार झाले की सुधारतो तो उजवाच हात. डाव्याचं पुढे बघू म्हणतात. पण सही जमते. कात्री सरळ चालते.

एक गोष्ट मात्र मी घरी सांगितली नव्हती. गेले सहा महिने आयलायनर लावताना माझा हात हलतोय. मीटिंगमध्ये मीही कप अर्धाच भरते. कॅफीन, झोप कमी, डेडलाइन... कारणं मला तोंडपाठ आहेत. एकतीस वय म्हणजे काही वय झालं का?

मागच्या शनिवारी दुकानात सांगून टाकलं. बाबांनी काही विचारलं नाही. बिलबुक उलटं केलं, पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "काढ जिलबी."

काढली. थोडी हलली. बाबांनी बराच वेळ बघितली, पान फाडून खिशात ठेवलं. "सोमवारी डॉक्टरकडे जाऊन येऊ. काऊन घाबरते? मी आहे ना." मग चहावाल्या पोराला हाक मारली. "दोन दे रे... फुल!"