खाली बघणारा दिवा

मोटारसायकलला जादा एलईडी दिवे लावण्याच्या मी पूर्ण विरोधात होतो. ग्रामसभेत उभं राहून तसं बोललो होतो, ओळखीच्या पोरांना थांबवून सांगितलं होतं, गॅरेजवाल्यांनी हे दिवे बसवूनच देऊ नयेत असा आग्रहही धरला होता. आज माझ्या स्वतःच्या गाडीच्या लेगगार्डवर तसे दोन दिवे आहेत. बदनापुरात ज्यांनी ते पाहिले त्यांनी मला विचारलं, आणि त्यांनी विचारायलाच हवं होतं. चारचौघांत मांडलेलं मत बदललं तर तेही चारचौघांतच सांगावं, म्हणून हे लिहितो आहे.

विरोधाचं कारण घरातच होतं. वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि ऑपरेशनला त्यांची तयारी होत नव्हती. दिवेलागणीला ते शेतातून साइडपट्टीवरून चालत यायचे. समोरून एखादा पांढरा झोत अंगावर आला की ते हातानं डोळे झाकून जागच्या जागी थांबायचे. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, त्यामुळे आत शिरलेला उजेड एका जागी न पडता डोळाभर विखुरतो. गाडी निघून गेल्यावरही काही क्षण समोर नुसता अंधार राहतो, आणि वय वाढतं तसा तो अंधार लांबत जातो. ज्याच्या घरात असा माणूस आहे त्याला या दिव्यांचा राग येणारच. तो राग आजही गेलेला नाही. त्याची दिशा मात्र बदलली आहे.

बदलाला सुरुवात झाली ती मोसंबीच्या बागेमुळे. शेतीपंपाची थ्री फेज लाइट आमच्याकडे पाळीपाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की मोटार चालू करायला, वाफे बदलायला आणि परत यायला अंधारातच गाडी काढावी लागते. माझी गाडी जुनी, शंभर सीसीची. तिचा हॅलोजन बल्ब 35 वॅटचा. गाडीला ताशी 60चा वेग असला तर ती सेकंदाला सुमारे साडेसोळा मीटर धावते. पुढे काही दिसून हात-पाय ब्रेकवर पडेपर्यंत पंचवीसेक मीटर जातात आणि चांगल्या कोरड्या डांबरावर थांबायला जवळपास तेवढेच आणखी लागतात. म्हणजे पन्नास मीटर. माझ्या डिपरचा उजेड तेवढा पोचतच नव्हता. चाळिशीच्या वेगानं गेलं तरी आडरस्त्यावर खरा धोका समोरून नसतोच, तो बाजूनं येतो. तुरीच्या पिकातून रोही एका उडीत रस्त्यावर येतो. डांबर आणि साइडपट्टी यांच्यामधली तुटकी कड दिसत नाही. वळणावर तर हेडलाइट सरळ शेतात जाते आणि ज्या बाजूला आपण वळतो आहोत तिथे काळोख असतो.

चौपदरी जालना-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर आल्यावर वेगळी भीती. जालन्याच्या रोलिंग मिलमधून निघालेले सळयांचे ट्रक, हंगामात उसाच्या आणि कापसाच्या ट्रॉल्या. यातल्या कितीतरी ट्रॉल्यांना मागे ना दिवा, ना परावर्तक पट्टी. बंद पडलेली ट्रॉली रस्त्यातच उभी असते आणि तिच्या मागे दोन दगड ठेवलेले असतात. तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, 11 डिसेंबर 2022 रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला, पण त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. आम्हा मोटारसायकलवाल्यांना हेच जुने रस्ते.

तरीही एवढ्यानं माझं मत बदललं नसतं. हळू चालव, असं मी स्वतःलाच सांगत राहिलो असतो. मत बदललं ते वडिलांच्याच रस्त्यावर. एका संध्याकाळी त्यांना आणायला मी पायी निघालो होतो. ते समोरून येत होते आणि माझ्या मागून एक मोटारसायकल गेली. साधा मूळचा दिवा, तोही मिणमिणता. वडील थांबले नाहीत, डोळे झाकले नाहीत, त्यांना काहीच त्रास झाला नाही. पण गाडीवाल्याला ते दिसलेच नव्हते. तो त्यांच्या अगदी कोपराजवळून गेला आणि पुढे जाऊन दचकून मागे वळून बघत राहिला. ज्याच्या दिव्यानं वडिलांचे डोळे दिपत नव्हते, त्यालाच वडील दिसत नव्हते. इतके दिवस मी फक्त वडिलांच्या डोळ्यांच्या बाजूनं विचार करत होतो. त्यांच्या जिवाच्या बाजूनं विचार केला तर गाडीवाल्याला अधिक दिसायला हवं होतं.

मग प्रश्न उरला तो एवढाच, की रस्त्यावर उजेड पडावा पण माणसाच्या डोळ्यांत जाऊ नये, हे जमतं का? जमतं. मला ते एका ऑटो इलेक्ट्रिशियननं भिंतीवर दाखवलं. दोन प्रकारचे दिवे त्यानं आळीपाळीनं लावले. एक बाजारातला स्वस्त, बारीक चौकोनी, नुसत्या एलईडीच्या ठिपक्यांचा. त्याचा उजेड भिंतीवर वर, खाली, छपरापर्यंत सगळीकडे पसरला. दुसऱ्याला नीट घडवलेली काच होती. त्याचा उजेड आडवा, रुंद पट्टा होऊन पडला आणि वरची कड रेघ मारल्यासारखी तुटली. ताकद दोन्हींची जवळपास सारखी. पहिला वडिलांना थांबवणारा, दुसरा वडील दाखवणारा.

एलईडीला सरसकट दोष देणं तेव्हाच सोडलं. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावर पिवळसर थर देऊन तो पांढरा केला जातो. या निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. थोड्या विजेत भरपूर उजेड, ही खरोखर मोठी देणगी आहे. पण निळसर पांढरा उजेड डोळ्यांना जास्त बोचतो. म्हणून मी पिवळ्या उजेडाचे दिवे घेतले.

बसवणीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेक बिघाड तिथेच होतात. खोक्यावर छापलेल्या वॅटवर जाऊ नये. बारा व्होल्टवर दोन्ही दिवे मिळून किती अँपिअर ओढतात ते मीटर लावून बघावं; तीन अँपिअर ओढत असतील तर ते छत्तीस वॅटच, खोक्यावर काहीही असो. छोट्या गाड्यांची बॅटरी जेमतेम तीन-चार अँपिअर-अवरची असते. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींची हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत जळतच राहते, त्यामुळे वीज मुळात कमी शिल्लक असते. हेडलाइटच्या वायरीला पिळा मारून जोड देऊ नये, कप्लर तापून वितळतो. बॅटरीपासून वेगळी वायर, तिला फ्यूज, मध्ये रिले आणि हँडलवर स्वतंत्र बटण. हे बटण अंगठ्याला न शोधता सापडलं पाहिजे, कारण समोरून कोणी आलं की दिवे त्याच क्षणी बंद करायचे आहेत.

आणि नटाला लॉकनट लागतोच. आमच्या रस्त्यांवर गाडी हादरते, नट सैल होतो, दिवा हळूहळू मान वर करतो आणि चालवणाऱ्याला ते कळतही नाही. मागे बायको-मुलं बसली किंवा दुधाच्या कॅन लावल्या की गाडीचं मागचं अंग दबतं आणि पुढचा झोत आपोआप वर जातो. एकट्यानं बसून लावलेला दिवा दुहेरी बसल्यावर दुसऱ्याच्या डोळ्यांत जातो, हे मला आधी कधी सुचलं नव्हतं.

कायद्याबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 106 सांगतो की समोरच्या दिव्याचा झोत खाली वळवलेला असावा किंवा चालकाला तो खाली वळवता यावा. दिव्यापासून 8 मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, तो त्या झोतानं दिपता कामा नये. ही उंची जवळपास माझ्या वडिलांच्या डोळ्यांची आहे. नियम 111 नुसार पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावता येत नाही. अपवाद असेल तर नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मंजुरीनंच. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. एकेकाळी मी याच तरतुदी दाखवून सगळे दिवे काढून टाका म्हणत असे. आता नियम 106 मला या विषयाचा गाभा वाटतो आणि परिवहन खात्याकडे माझी मागणी वेगळी आहे. कुठला दिवा चालेल, किती उंचीवर, किती ताकदीचा, हे साध्या मराठीत लिहून प्रत्येक गॅरेजात लावा. मग झोत तपासा आणि जो डोळ्यांत जातो तो काढा. त्याच मोहिमेत बिनपट्टीच्या ट्रॉल्याही थांबवा, कारण ट्रॉलीला मागून लाल पट्टी असेल तर माझ्या जुन्या 35 वॅटच्या बल्बलाही ती लांबून दिसते.

काही बाबतींत माझा विरोध तसाच आहे. हँडलच्या वर लावलेल्या आडव्या पट्ट्या, लुकलुकणारे पांढरे दिवे, वस्तीतून किंवा भरल्या चौपदरीवर चालू ठेवलेले झोत, हे सगळं बंदच व्हायला हवं. नवरात्रात सोमठाण्याच्या रेणुकामातेला आणि अंगारकीला राजूरच्या गणपतीला अंधारातून पायी जाणाऱ्यांच्या रांगा असतात, त्यात म्हातारी माणसं असतात, कडेवर लेकरं असतात. त्या रस्त्यांवर त्या रात्री मी माझे दिवे लावत नाही. वेग कमी करतो.

ज्यांच्या गाडीला असे दिवे आहेत त्यांना एक विनंती. आज अंधार पडल्यावर गाडी भिंतीपासून 8 मीटरवर सपाट जागी उभी करा. मागे नेहमी बसणारं माणूस बसवा, नेहमीचं ओझं लावा. दिव्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्यावर भिंतीला खडूची रेघ मारा. झोताची वरची कड त्या रेघेच्या वीतभर खाली आली पाहिजे. येत नसेल तर पाना घ्या आणि दिवा खाली करा, आणि तरीही येत नसेल तर तो दिवा काढून टाका.